सुनेच्या केसांसाठी लेप

धाकटे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "जाऊबाई, तुम्ही कुणाकुणावर लिहीत असता. माझ्यावर कोण लिहिणार? मी असं काय केलंय?" काय केलंयस ते तुझ्या सुनेच्या डोक्यावर अख्ख्या गल्लीने पाहिलंय, तेव्हा हा विनय पुरे. घे, लिहिते. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, आणि तू सांगतेस तेव्हा ते दर वेळी तुझ्या सोयीने वळतं. मध्ये बोलायचं नाही. कागदावर तरी मला एक वाक्य पुरं करू दे.

तू माझी धाकटी जाऊ. घराच्या पुढच्या खोलीत तुझं पार्लर. पार्लर म्हणजे एक खुर्ची, एक बेसिन आणि एक आरसा. खुर्ची कुठल्याशा बंद पडलेल्या सलूनमधून आणलेली. ती मागे छान झुकते, पण तिला परत सरळ करायचं तर पाठीमागून गुडघा घालावा लागतो. आरशात आतल्या खोलीतला टीव्ही दिसतो, त्यामुळे तुझ्या गिऱ्हाइकांनी सगळ्या मालिका उलट्या बाजूने पाहिल्या आहेत आणि त्यांना त्यात काही कमी वाटलेलं नाही. डोकं एकदा तुझ्या हातात दिलं की हलायची सोय नाही, मत द्यायची तर नाहीच. "इथून आखूड करूया," असं तू म्हणतेस तेव्हा ते जमिनीवर पडलेलं असतं.

पण एक गोष्ट मान्य करते. तुझा एक नियम होता आणि तो तू कुणासाठी मोडला नाहीस. केस सरळ करायचे असोत की रंगवायचे, आधी मानेजवळची, सहज दिसणार नाही अशी बारीकशी बट कापायची, औषधात बुडवायची आणि घड्याळ लावून बसायचं. मग ती बट दोन बोटांत धरून ओढायची. ताणून परत जागेवर आली तर ठीक. च्युइंगमसारखी लांबतच गेली तर, "बाई, घरी जा आणि तीन महिने तेल लाव." डॉक्टरांच्या बायकोलाही तू असंच परत पाठवलंस. ती रागाने लाल झाली, तू ढिम्म. "रागावलेलं गिऱ्हाईक परत येतं, टकलं झालेलं येत नाही," असं तुझं म्हणणं.

मग सून आली. रंगाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काम करते. डब्यातला रंग भिंतीवर जाण्याआधी तो फाटतो का, बसतो का, वास मारतो का, हे बघणं तिचं काम. मोजकं बोलते. केस दाट, लाटालाटांचे. ते बघून तुझे हात शिवशिवले आणि ते तिला दिसलं. सगळ्या नातेवाईक बायका म्हणाल्या, मुलगी नशिबाची, सासूच पार्लरवाली! त्यातली एकही तुझ्या खुर्चीत कधी बसलेली नव्हती.

एके दिवशी ती कामावरून आली तेव्हा तिचे केस पावसात भिजलेल्या पडद्यासारखे सरळ लोंबत होते.

"केसांना काय केलंस गं?"

"काही नाही आई. नवा शाम्पू आहे."

"छान आहे," तू म्हणालीस.

शाम्पूने केस सरळ होत नाहीत हे तुला कळतं, आणि तुला कळतं हे तिलाही कळत असणार. पण तुम्ही दोघी इतक्या सभ्य, की तो शाम्पू घरात सगळ्यांनी मान्य केला. मी एकदा बाटली कुठे आहे म्हणून विचारलं तर तू माझ्या पायावर पाय दिलास.

पुढे मुळाशी पुन्हा लाटा उगवायला लागल्या. त्याच सुमारास तिला कारखान्यात बक्षीस जाहीर झालं. मोठा कार्यक्रम, व्यासपीठ, फोटो. तू म्हणालीस, "बस खुर्चीत, मी करून देते सरळ. घरचं पार्लर असताना शाम्पूवर कशाला राहायचं?" आता ती नाही कशी म्हणणार? नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. ती बसली. आणि तू, डॉक्टरांच्या बायकोला हाकलून देणारी तू, त्या दिवशी बट घेतली नाहीस. मला नंतर म्हणालीस, "घरच्या माणसाची काय परीक्षा घ्यायची!"

धुताना केस बेसिनमध्ये आले. गळतात तसे नाही, तुटून, ओंजळीने.

ती रडली नाही, ओरडली नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळून वर गेली. बक्षीस तिने डोक्याला निळा स्कार्फ बांधून घेतलं आणि तो तिला इतका शोभला की कारखान्यातल्या बायकांनी दुकानाचं नाव विचारलं. भांडली असती तर तुझं निभावलं असतं. भांडणात तुझा हात कोण धरणार? पण ती भांडलीच नाही. "आई, चहा झालाय." "आई, मी निघते." एवढंच. आणि पुढच्या खोलीतून जाणं तिने सोडलं. मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्याला वळसा घालून ये-जा करायला लागली.

तुझ्या पोराने दोन्ही बाजूंनी निरोप्याचं काम सुरू केलं, आणि निरोप्ये करतात तसा सगळा घोळ केला.

तुला एकच हवं होतं. तिने पुन्हा त्या खुर्चीत बसावं. "माफ कर" म्हणणं हा सोपा रस्ता होता, म्हणून तू तो घेतला नाहीस. तू लेप करायला घेतलास. तुटक्या, जळक्या केसांना मऊ करणारा, बाजारात मिळणार नाही असा, घरी केलेला लेप. तो लावायला ती येईल, बसेल, आणि मग बोलावं लागणारच नाही.

मी तुला सांगितलं, मी शास्त्राची पदवीधर आहे, ऐक. केस डोक्याबाहेर आला की मेलेला असतो. त्याला बरं करता येत नाही. वरून काहीतरी चोपडून तो नीट दिसेल एवढंच करता येतं.

तू म्हणालीस, "मग तेवढंच करू. लग्नात दुसरं काय करतो आपण?"

आणि प्रयोगाला डोकं कुणाचं? माझं. "तुमचे केस पांढरे, कोरडे, झाडूसारखे. असा नमुना शोधून सापडायचा नाही, जाऊबाई." हे तू कौतुकाने म्हणालीस, म्हणून जास्त लागलं.

पहिला लेप केळ्याचा. पिकलेलं केळं, मध, खोबरेल तेल. केळं तू काट्याने कुस्करलंस. मिक्सरमधून काढून गाळायला हवं होतं हे आपल्याला धुताना कळलं. केळ्याचे कण केसांत अडकून वाळले. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडलं आणि लक्ष मात्र कपाळाकडे. "काकू, केसांत काहीतरी आहे." मी सांगितलं, "केळं." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मुंग्या मात्र आठवडाभर माझ्या उशीची विचारपूस करत होत्या.

दुसरा अंड्याचा. तो तू कडकडीत पाण्याने धुतलास. अंड्यावर कडकडीत पाणी ओतलं की काय होतं हे स्वयंपाक करणाऱ्या दोन बायकांना सुचू नये! फणी घेऊन बसलीस आणि माझ्या डोक्यातून न्याहारी काढलीस.

तिसऱ्याला तू दही, कोरफडीचा गर आणि तेल घोटून मस्त पांढरंशुभ्र लोण्यासारखं केलंस आणि डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलंस. सकाळी डबा अर्धा. भाऊजी, म्हणजे तुझा नवरा, ज्यांच्या डोक्यावर तुझ्या कलेला कधीच वाव मिळाला नाही, ते पावाच्या शेवटच्या तुकड्याने डबा पुसून खात होते.

"बरं झालंय," म्हणाले. "मीठ कमी आहे."

"अहो, ते केसांचं होतं!"

भाऊजींनी टकलावरून हात फिरवून पाहिला. "अजून तरी काही फरक नाही."

उरलेला अर्धा तू माझ्या डोक्यावर संपवलास. आठवतं? मी बेसिनमध्ये मान टाकून पडलेली, कानात पाणी, आणि तू माझ्या डोक्यावरून बोलायला लागलीस. तुला महत्त्वाचं बोलायचं असलं की समोरचं माणूस आडवं लागतं.

"जाऊबाई, एक काम कराल? बाजारात ते काचेच्या दाराचं मोठं सलून आहे ना, तिथे एकदा जाऊन या. केस कापून घ्या, धुऊन घ्या, काहीही करा. ते काय लावतात ते बघून या."

"मी? माझ्या या झाडूला घेऊन? आणि त्यांच्याशी तुझं काय?"

तू नळ बंद केलास.

"तिथेच जात होती ती," म्हणालीस.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्या दिवशी हात लावल्याबरोबर कळलं. आधी कुणीतरी औषध लावलंय, हे बोटांना कळतं हो. बट घेतली असती तर ती तुटली असती. तुटली असती तर विचारावं लागलं असतं, कुठे जाऊन आलीस म्हणून." मग माझ्या कपाळावरचं पाणी पुसत, "काय कमी होतं माझ्याकडे?"

म्हणजे तुला ठाऊक होतं. ती शाम्पू म्हणाली तुझं मन राखायला, आणि तू औषध लावलंस स्वतःचं राखायला. दोघींच्या सभ्यपणात केस गेले. मी हे तिथेच बोलले असते, पण तोंडात दही गेलं होतं.

"जाते," एवढंच म्हणाले.

चौथ्या लेपाला तू इरेला पेटलीस. औषधांच्या घाऊक दुकानातून तेल आणि पाणी एकत्र धरणारं मेण आणलंस, पांढरे दाणे. ते तेलात घालून पातेल्यात वितळवलंस. दुसरीकडे कोरफडीचं पाणी, ग्लिसरीन. मी पातेल्यात नाक खुपसून बसले होते. सुट्टीचा दिवस, सून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला भाजी चिरत होती, स्कार्फ बांधून, आपण दोघी भिंतीवर काढलेलं चित्र असल्यासारखी.

तू कोरफडीच्या पाण्यात नळाचं गार पाणी मिसळलंस आणि ते गरम तेलात ओतलंस. मेण जागच्या जागी गोठलं. गुठळ्या एकीकडे, पाणी एकीकडे. तू ढवळलंस. जास्त फाटलं. तू शिवी दिलीस, जोरात ढवळलंस. अजून फाटलं.

सुनेची सुरी थांबली. मी बघत होते. तिची मान ताठ झाली. कारखान्यात दिवसभर जे फाटू नये म्हणून ती पगार घेते ते तिच्या स्वतःच्या ओट्यावर फाटत होतं. तिने सुरी पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"पाणी गार आहे," ती भाजीकडे बघत म्हणाली.

आपण दोघींनी पातेल्यात बघितलं.

"तेल गरम, पाणी गार, मग फाटणारच. दोन्ही सारखंच गरम हवं. आणि एकदम ओतायचं नाही." मग तिला राहवलं नाही. आली, तुझ्या हातातलं पातेलं घेतलं. "द्या इकडे आई, बघवत नाही."

पातेलं तिने पुन्हा तापवलं. गुठळ्या विरल्या. तिने बारीक धारेने पाणी सोडलं, तू ढवळलंस. तुझा हात थांबला की ती "हं" म्हणायची आणि तू निमूट पुन्हा सुरू. तुला कुणी "हं" म्हणून हलवलेलं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. निवता निवता ते घट्ट, मऊ, साईसारखं झालं.

"टिकायला काय घातलंय यात?"

"फ्रीज आहे की," तू म्हणालीस.

"फ्रीजमधलं बाबा खातात."

आणि ती हसली. आधी नाकातून, मग पोट धरून. तू हसायचं की नाही ते ठरवेपर्यंत मीच हसून घेतलं.

त्याच आठवड्यात ती पुढच्या खोलीत आली. निमित्त कारखान्याचंच: "आपण केलंय ते तपासलं पाहिजे." खुर्चीत बसली. स्कार्फ सोडून मांडीवर ठेवला. खाली जे राहिलं होतं ते बघून मला दुसरीकडे बघावं लागलं, पण तू बघितलंस. मग न विचारता मानेजवळची बारीक बट कापलीस, लेपात बुडवलीस आणि घड्याळ समोर ठेवलंस.

"तेव्हा घेतली नव्हतीत," सून आरशात बघत म्हणाली.

"नव्हती."

मला वाटलं, आता. आता कुणीतरी शाम्पूचं नाव काढेल. आरशात उलटी मालिका चालली होती, त्यात एक बाई दुसरीला सगळं खरंखरं सांगून टाकत होती. तुम्ही दोघी घड्याळाकडे बघत होतात.

"पाणी फार गरम घेऊ नका," सून म्हणाली.

"नाही गं," तू म्हणालीस, आणि खुर्ची मागे झुकवलीस.

आता तिचे केस मानेपर्यंत आलेत, लाटालाटांचे, आखूड. हे तुझ्या लेपाने झालं असं तू म्हणतेस. केस वाढतात म्हणून झालं असं मी म्हणते. तुझ्या गिऱ्हाइकांना तुझंच पटतं, आणि लेपाच्या डब्या खपतात. डब्यांवर तू मोठ्या अक्षरांत लिहिलंयस, "खायचा नाही."

आणि ते काचेच्या दाराचं? ते तू विसरली असशील असं मला वाटलं होतं. ती दर महिन्याला तुझ्या खुर्चीत बसते, आता अजून काय हवं? पण नाही. फोन ठेवता ठेवता तुझं असतंच: "जाऊबाई, ते बघून यायचं राहिलंच हो." त्या दाराआड काय मिळतं ते मला न जाता माहीत आहे. तिथे सासू नसते. त्याला तू कुठलं औषध मिसळणार आहेस?

काल पुन्हा म्हणालीस, "बाजारात जाताय ना, मग जरा डोकावून या."

बाजारात गेले होते. बटाटे आणले.