एका खेपेत किती

मेमरीतलं एक अक्षर मागितलं, तर प्रोसेसर शेजारची अक्षरंही सोबत उचलून आणतो. त्या एका खेपेला कॅश लाइन म्हणतात. ती केवढी, हे माझ्या साध्या प्रोग्रामला कोणी सांगत नाही. म्हणून आज दुपारी मी एकेक पुढचं अक्षर मागत वेळ मोजत बसलो. चौसष्टावं झटकन आलं, पासष्टाव्याला वेळ लागला. खेप तिथे संपली होती.

आईचंही असंच. मोहरी मागावी, तर मिसळणाचा अख्खा डबा पुढे करते. मावशीची चौकशी करावी, तर सगळी आळी सांगते. संध्याकाळी फोनवर विचारलं, “मावशी कशी आहे?”

“बरी आहे,” आई म्हणाली आणि थांबली.

“आणि तिचा गुडघा?”

आईला आठवायला वेळ लागला. तो मात्र मी मोजला नाही.