भाऊजींची बाकं

गेल्या महिन्यात एका सकाळी ताईचा फोन आला. "हे गेले गं..." एवढंच बोलली. शेवटच्या भेटीत भाऊजी मार्केटवरच चिडले होते. "उभं राहायचं, घ्यायचं, चालू पडायचं. याला काय मार्केट म्हणतात?"

भाऊजी मूळचे साताऱ्याचे, चंदीगडला सरकारी आर्किटेक्ट. त्यांच्या नावावर मोठी इमारत एकही नाही. आमच्या सेक्टरच्या मार्केटमधली बाकं मात्र त्यांची. नव्वदच्या सुमारास त्यांनी ती बहाव्याच्या सावलीत बसवून घेतली. पाठ किती कलती हवी, हे ठरवायला घरी ताईला फळीला टेकवून बसवायचे. तिचे गुडघे तेव्हापासूनच धरलेले. उठताना आधाराला बाकांना हात ठेवले तेही तिच्यामुळे. संध्याकाळी पेन्शनर सरदारजी, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे तिथं टेकायचे.

मग घरोघरी गाड्या आल्या. दुकानदारांच्या संघटनेच्या अध्यक्षांना, प्रधानजींना, पार्किंग हवं होतं. "साहब, बैठने वाले कुछ खरीदते नहीं," ते भाऊजींना तोंडावर म्हणाले. भाऊजी वरिष्ठांशी भांडले. तरी एका रविवारी बाकं उपटली गेली. ज्या ऑफिसात त्यांनी ती आखली, हुकूम त्याच ऑफिसातून निघाला. निवृत्तीला शाल मिळाली. बाकांचं नाव कुणी काढलं नाही.

पुढे प्रधानजींच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं. त्यांच्या नव्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, लॉनवर पाहिलं तर... भाऊजींची दोन बाकं, पांढरा रंग फासलेली. भाऊजींनी ताईला हाताला धरून तिथं बसवलं, शेजारी बसले. प्रधानजी लगबगीनं आले. "अंदर आइए जी, खाना लग गया."

"हम यहीं ठीक हैं. बैठने वाले हैं, कुछ खरीदेंगे नहीं."

प्रधानजी मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला. आम्ही न जेवताच परतलो. त्यानंतर भाऊजींनी मार्केटात पाऊल टाकलं नाही.

परवा ताईबरोबर औषधं आणायला गेले. रांग मोठी होती, म्हणून ती एका उभ्या गाडीला टेकली. गाडी किंचाळायला लागली. दुकानदार बाहेर धावला, "माताजी, गाडी से हटो!"

ताई बाजूला झाली.

"भाऊजी असते तर भांडले असते," मी म्हटलं.

"जन्मभर तेच केलं त्यांनी..." ती म्हणाली आणि उन्हात उभी राहिली.