पुरण बाधलेला बैल

हे मी कोणापाशीच बोललो नाई. बायकोपाशी तर नाईच – तिच्या बापाचाच बैल होता तो. आज तुमाले सांगून राह्यलो, ते मन हलकं कराले नाई. ते का आता हलकं होते? थकलो बापा, येवढंच.

मी मेहकरकडे ढोरांचा डॉक्टर होतो. वऱ्हाडातलं जनावर मोगलाईत, निजामाच्या मुलखात न्यायचं तर माझा दाखला लागे – जनावर निरोगी आहे असा. तोंड उघडून पाहायचं, डोळे पाहायचे, शेण पाहायचं. काम सोपं होतं. मंग चुकलं कुठं? चुकलंच नाई. तेच तर सांगाचं आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जानेफळले सासुरवाडीत होतो. मामाजींचा एक बैल मोगलाईतल्या किसननं घेतला होता. दाखल्यापायी तो खोळंबला होता. बैल पातळ शेण टाकत होता, डोळे गळत होते. मामाजी हसत म्हणाले, "पुरण बाधलं त्याले, जावईबापू." पोळ्याले बैलाले पुरणपोळी चारतात, एखाद्याले बाधतेही. मी तोंड उघडलं. हिरड्यांवर कोंडा सांडल्यावानी पांढरे ठिपके. बुळकांडी – गावचे गोठे रिकामे करणारी. मले दिसलं. चांगलं दिसलं. पण बोललो असतो तर सौदा मोडला असता, मामाजींचा गोठा बंद झाला असता, अन् सणाच्या घरात जावयानं अवदसा आणली असं झालं असतं. मी म्हणालो, "हाव, पुरणच." दाखला देल्ला.

मामाजींची जनावरं मागाहून त्याच बिमारीनं मेली. मोगलाईतून बिमारी आली, असं लोक म्हणाले. मी आयकून घेतलं.

मंग एक दिवस किसन आला, थोरल्या भावाले घेऊन. त्यायच्या दावणीले एक जनावर उरलं नव्हतं, शेजाऱ्यायच्याही नाई. विकत आणलेल्या बैलाले वाटेत गावच्या हौदावर पाणी पाजायचं नसते, तिथूनच बिमारी लागते, हे तिकडं पोरंसोरं जाणतात. किसननं पाजलं, असं सारं गाव म्हणे. त्याच्या घरचं पाणी बंद केलं होतं. तो भावाची शपथ घेऊन सांगे, नाई पाजलं. भाऊ म्हणे, डॉक्टरले पुसू. बैल इथूनच बिमार गेला का, येवढंच त्याले पाहिजे होतं. माझ्या एका शब्दावर तो मोकळा झाला असता. नोकरी गेली असती माझी. बरं, गेली असती तर?

मी म्हणालो, "बैल इथून चांगलाच गेला."

भावानं त्याच्याकडं पाह्यलं.  किसन हळूच म्हणाला, "मंग मलाच याद नसंल. पाजलं असंल कुठं तरी."

जाता जाता तो माझ्या पाया पडला. साहेबांवर उगाच शक घेतला, माफ करा, म्हणाला.

अन् मी त्याले माफ केलं.