गुंडूच्या देव्हाऱ्यातला रुपाया

सराफांच्या गुजरीच्या मागच्या बोळात गुंडू चांदी उजळायचा. रिठ्याचं पाणी आणि ब्रश, एवढंच भांडवल. काळीकुट्ट समई त्याच्या हातातनं नव्या नवरीगत होऊन निघायची. पण त्याच्या पोटात एक निखारा होता, आणि तो निखारा समोरच्याच दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचा: घड्याळवाला शमशुद्दीन.

शमशुद्दीनकडं एक दहा पैशाचं नाणं होतं, कडेला चंद्रकोर कापल्यागत. टाकसाळीतच चुकलेलं. ते बघायला पार पन्हाळ्यासनं माणसं यायची, आणि बसायची मात्र गुंडूच्या बाकावर!

"जन्मभर चांदी घासली मी, आणि नाण्यातला शहाणा हा?" असं गुंडू जेवताना बायकोला, बायडाबाईला, रोज ऐकवायचा. एकदा तरी टाकसाळीची चूक आपण शोधायची आणि ती शमशुद्दीनच्या तोंडून कबूल करून घ्यायची, एवढाच ध्यास.

गिऱ्हाइकांचं एकेक नाणं तो उलटंपालटं करून बघायचा. एकदा राजाच्या डोक्यावर गाठ आलेला रुपाया घेऊन तो बोळ ओलांडून धावला.

शमशुद्दीननं भिंग लावलं. "गुंडोबा, ही गाठ टाकसाळीची न्हाय. माळेत ओवायला कडी डाख लावून जोडली हुती. कडी गेली, डाख ऱ्हायला."

"आणि ह्या रेघा?"

"त्या तुमच्या ब्रशच्या."

सगळा बोळ हसला. गुंडूला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या पाडव्याला शमशुद्दीन फराळाला आला. बायडाबाई लक्ष्मीपूजनातली नाणी देव्हाऱ्यातनं काढून डब्यात भरत होती. त्यात तिच्या माहेरचा, पेठ वडगावचा, एक चांदीचा रुपाया होता. दर दिवाळीला गुंडूच तो घासून द्यायचा. चौदा वर्षं झाली. शमशुद्दीनच्या हातातला लाडू तोंडापाशीच थांबला.

"वैनी, त्यो रुपाया जरा बघू?"

त्यानं नाणं उलटं केलं, खिशातनं भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं.

"गुंडोबा, ह्याच्या पाठीवर काय हाय?"

"काय असणार? साल आणि किंमत."

"बघा की."

गुंडूनं बघितलं. एका बाजूला राजाचं तोंड. पाठीवर ना साल, ना अक्षर. तेच तोंड, पण ओल्या मातीत दाबल्यागत आत गेलेलं आणि उलट्या दिशेला वळलेलं.

"टाकसाळीत आधीचं नाणं ठशालाच चिकटून ऱ्हायलं, आणि त्याचं तोंड ह्याच्या पाठीत रुतलं," शमशुद्दीन हळूच म्हणाला. "अशी चूक मी आजवर हातात धरली न्हवती. नशीबवान हायसा तुम्ही."

गुंडूला आनंद व्हायला पाहिजे होता. त्याच्या मनात मात्र एकच: माझ्या घरात, माझ्या देव्हाऱ्यात, आणि सापडलं ते ह्याला!

पुढं गुंडूनं ते नाणं दुकानात काचेखाली ठेवलं. पन्हाळ्याची माणसं आता त्याच्यासाठी यायची. तो ऐटीत सांगायचा, "नजर असावी लागती पावणं! मीच हेरलं."

आतल्या घरातनं बायडाबाई खोकायची. समोरचा शमशुद्दीन ऐकून मान डोलवायचा, "व्हय व्हय, गुंडोबांचीच नजर."

एकदाही त्यानं गुंडूला खोटं पाडलं नाही. गुंडू मरेपर्यंत त्याच गोष्टीवर जळत राहिला.