अल्काझारच्या दारातले बूट

अ‍ॅडलेडहून निघतानाच आईने अट घातली, "व्हीलचेअर सांगितलीस तर मी इथूनच घरी जाईन."

तिला राग येण्याचं कारण होतं. ती पहिल्यांदा पुण्याहून एकटी आली, तेव्हा विमानतळावर इंग्रजीचा गोंधळ नको, खुर्ची ढकलणारा माणूस वाट दाखवेल म्हणून मी व्हीलचेअर मागवली होती. धडधाकट बाई ढकलत आणलेली पाहून मॉसन लेक्स या आमच्या उपनगरातलं प्रत्येक मराठी घर आमच्याकडे चौकशीला येऊन गेलं. आता मात्र टाच खरंच दुखत होती. डॉक्टरांनी खास सोल बसवून दिलेले काळे बूट पायात असले की आई मला मागे टाकते; नसले की दहा पावलांत बसते. त्या बुटांच्या भरवशावर आम्ही स्पेन गाठलं.

सेव्हिलचं जुलैतलं ऊन असं, की अल्काझारच्या सिंहदरवाजावरचा सिंहसुद्धा सावली शोधत होता. हा राजवाडा शेकडो वर्षं जुना आहे, पण राजा सेव्हिलला आला की अजूनही वरच्या मजल्यावर उतरतो. हे मी आईला सांगायला नको होतं.

आतल्या महालाच्या उंबऱ्यापाशी ती थबकली. "म्हणजे राहतं घर आहे. आणि तू बूट घालून शिरतोयस?"

"आई, इथे कोणीच काढत नाही."

"ते त्यांचं वळण." तिने बूट काढून भिंतीशी नीट ठेवले. मीही निमूट काढले.

मागून आवाज आला, "शूज ऑफ, मेट?" ऑस्ट्रेलियातल्याच टाउन्सव्हिलचा एक लालबुंद गृहस्थ होता. म्हणजे आपल्याच गावचा म्हणायचा; सुपरमार्केटात अनवाणी फिरणाऱ्यांपैकी. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "येस, येस. किंग्ज हाउस."

"नो वरीज!" म्हणत त्याने रबरी चपला काढल्या. त्याचं पाहून जर्मनांनी नाड्या सोडल्या. जपानी मंडळींनी तर बूट टाचा जुळवून ओळीत लावले. पाच मिनिटांत पाचशे जोड जमले. बरं, चारशे. खोटं वाटत असेल तर आईला विचारा. ती सहाशे सांगेल.

आत गेलो. कमानी अशा कोरलेल्या, की दगडाच्या नव्हे, साबुदाण्याच्या पापडीच्या वाटाव्यात. कमरेपर्यंत अझुलेहो (रंगीत चिनीमातीच्या फरशा), तळव्यांना माठासारखी गार लागणारी जमीन, आणि राजदूतांच्या दालनावर सोनेरी घुमट. महाल बांधून घेतला ख्रिस्ती राजाने, घडवला मुसलमान कारागिरांनी. भिंतींवर अरबी अक्षरांत राजाची स्तुती.

"राजाला अरबी वाचता येत होतं का?" आईने विचारलं.

"माहीत नाही."

"येत नसेल, तर स्तुतीच लिहिलीय हे त्याला सांगितलं कोणी?"

मी इंजिनिअर, अनेक इमारती पाहिल्यात. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग बागा. कारंजी, संत्र्याची झाडं, हौदाच्या काठाने राजासारखा चालणारा मोर. पण वाट तापलेली. नवव्या पावलाला आईने माझा दंड धरला, दहाव्याला ती बाकावर बसली. "बूट आण," एवढंच म्हणाली.

मी धावत दारापाशी गेलो. भिंत स्वच्छ. एकही जोड नाही!

"बेवारस सामान," पहारेकरीण बाई कडाडली. "सगळं कार्यालयात नेलं. हे कोणी सुरू केलं?"

मी दारावरची नक्षी न्याहाळू लागलो.

आईला आधार देत कार्यालयात नेईपर्यंत लोक आपापले जोड घेऊन गेले होते. माझे सोडले तर खोक्यात उरला होता एकच जोड: काळा, आईच्याच मापाचा, पण आईचा नव्हे. कोणीतरी बाई चुकून आईचे घालून गेली होती. पहारेकरणीचा आवाज एकदम मऊ झाला. "सेन्योरा (बाईसाहेब), थांबा," म्हणत तिने व्हीलचेअर आणवली.

आईने त्या खुर्चीकडे असं पाहिलं, की खुर्चीच दोन बोटं मागे सरली. मग तिने परक्या बुटांत पाय घातले. एक पाऊल, दोन. मी मनात मोजत होतो. दहाव्याला ती थांबली, ओठ आवळले, आणि अकरावं टाकलं.

"दुखतंय?"

"दुखतंय. चल."

अ‍ॅडलेडला विमानाच्या दारात नावांच्या पाट्या लावून व्हीलचेअरची रांग उभी होती. आई त्यांच्यासमोरून, माझ्या खांद्याला हातही न लावता, सावकाश चालत बाहेर आली. इतकी सावकाश, की आमच्या बॅगा पट्ट्यावर एकट्याच फिरत होत्या.

राजवाडे राजांच्या नावाने ओळखले जातात. मला विचाराल तर ते तळव्यांनी पाहावेत. आठवड्याने डॉक्टर म्हणाले, खास सोल पुन्हा करून देतो. आईने मान डोलावली, पण चेहरा उतरलेलाच.

"आता काय झालं?"

"माझ्या टाचेची सोय झाली रे," ती म्हणाली. "पण जी माझे बूट घालून गेली, तिला माझे सोल बोचत असतील. ते का बोचतात, तिला कोण सांगणार?"