मल्लूच्या पापण्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट ठाऊक नाही.

बंगळुरात तेव्हा टेलिव्हिजन यायचा होता. मल्लेश्वरममधल्या एका भाड्याच्या बंगल्यात आम्ही पाच-सहा जण शाळकरी मुलांसाठी बाहुल्यांचे छोटे बोलपट काढायचो आणि जीपमध्ये प्रोजेक्टर टाकून शाळाशाळांत दाखवायचो. मी धारवाडचा, त्यामुळे कन्नड मला घरचंच. लिहायचो मी, आवाजही माझाच. बाहुल्या घडवायचे नारायणअण्णा — बेळगावकडचे सुतार, माझ्याहून बरेच मोठे.

अण्णा अडखळत बोलायचे. शब्द अडला की डोळे घट्ट मिटायचे, मान कलायची, आणि मग तो शब्द एकदम बाहेर पडायचा. मला — कसं सांगू? — ते बघत राहावंसं वाटायचं.

दात न घासणाऱ्या आळशी मल्लूचा बोलपट करायचं ठरलं. मुलं हसली पाहिजेत, एवढंच डोक्यात होतं. मी मल्लूला अडखळायला लावलं. मग वाटलं, डोळेही मिटायला हवेत. पापण्या करायला कुणाला सांगितलं असेल? अण्णांनाच. चार दिवस खपून त्यांनी त्या बसवल्या, माझ्यासमोर दोरा ओढून दाखवला, आणि खुशीत हसले. त्यांच्या काहीच लक्षात आलं नाही — असं मी धरून चाललो.

येलहंक्याच्या शाळेत खेळ झाला. अण्णांची मुलगी कमळा तिथे चौथीत होती; अण्णा तिला सोडायला जायचे, पोरं त्यांना ओळखायची. मुलं हसून लोळत होती. मग एकाने वळून कमळेकडे पाहिलं. मग दुसऱ्याने. प्रोजेक्टरशी उभा राहून मी सगळं बघत होतो.

दोन दिवसांनी अण्णा माझ्या टेबलाशी आले. "जोशीराव, पोरगी म्हणती शाळेत येऊ नका. पोरं तिला म-मल्लूची लेक म्हणत्यात. तो मल्लू... मी न्हवं ना?"

"छे हो अण्णा! धारवाडला आमचे एक मास्तर होते, त्यांची नक्कल ती."

असे कुणी मास्तर नव्हतेच.

"सरी, बरं मग," ते म्हणाले. "उगंच तुमच्यावर सं-संशय घेतला बघा. चुकलं माझं."

त्यांचं चुकलं!

मल्लूचा आवाज बदलता आला असता. एका दिवसाचं काम. आमच्या प्रमुखबाईंनी विचारलंही. पण मल्लू गाजत होता, आणि तो माझा होता ना? मी म्हटलं, गरज नाही. मल्लू पुढे होसकोटेपर्यंत फिरला. अण्णा कामावर हळूहळू बोलेनासेच झाले, खुणेवर भागवायचे.

सात-आठ वर्षांनी ते गेले. तेराव्यानंतर मी घरी भेटायला गेलो. कमळा आता कॉलेजात होती. ती म्हणाली, "काका, मीच त्यांना शाळेत येऊ नका म्हटलं होतं. ते पुन्हा कधी आले नाहीत. एसएसएलसीच्या परीक्षेबद्दल मला शाळेत बक्षीस मिळालं, तेव्हाही फाटकाबाहेर थांबले. आणि मी उगीचच लाजले होते — ते म्हणाले होते, तो तुमच्या मास्तरांचा आवाज. होता ना?"

आपलं लाजणं अगदीच उगीच नव्हतं, एवढंच तिला ऐकायचं होतं, ते मला कळत होतं. बाप गेला होता. आता खरं कळायला माझ्याशिवाय तिला कुणीच नव्हतं.

मी म्हटलं, "हो."