विम्याचा फोटो

बातमीदारीच्या काळात घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा मी अजून खिशात बाळगतो. तो स्वस्तातला आहे, दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि ऊन असेल तरच बरा फोटो देतो. नोकरी संपल्यावर बातमीचे फोटो थांबले, रोजचे राहिले. भोरच्या एसटी स्टँडवर बाकावर झोपलेली माणसं, वेल्ह्याचा बाजार, कापणीनंतरची खाचरं.

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीत शेळ्या राखणारा एक म्हातारा या फोटोंत वारंवार येतो. मी कॅमेरा काढला की तो जवळची शेळी धरायचा, खाली वाकायचा आणि तिचा कान माझ्याकडे वळवायचा. कानात विम्याचा पिवळा बिल्ला असे. वाडीवर फोटो काढायला येणारा माणूस विम्याचाच, आणि बिल्ल्यावरचा नंबर दिसला नाही तर तो परत खेप घालायला लावतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

"नंबर आला का, दादा?"

"मी विम्याचा नाही, बाबा. तुमचा फोटो काढतोय."

"माजा काय करायचाय? मला कुठं बिल्ला हाय?"

या हिवाळ्यात तो वारला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. दहाव्याला ठेवायला फोटो हवा, एवढंच ती म्हणाली. घरात फक्त आधार कार्डावरचा होता. "त्यात ते न्हाईत. धरून आनल्यागत बसवलंय कुनीतरी. तुमी लई काढलंत की."

घरी येऊन मी सगळे फोटो संगणकावर पाहिले. प्रत्येकात शेळी स्पष्ट होती, नंबर वाचता येत होता आणि म्हाताऱ्याचं फक्त मुंडासं दिसत होतं. एक फोटो तेवढा वेगळा निघाला. हा कॅमेरा संथ आहे. बटण दाबल्यावर क्षणभराने फोटो घेतो. तेवढ्यात काम झालं असं समजून त्याने मान वर केली होती. उन्हाने डोळे बारीक, तोंड किंचित उघडं, हात शेळीच्या कानावर.

भोरच्या बाजारातला स्टुडिओवाला जुना ओळखीचा. शुक्रवारची नमाज उरकून त्याने दुकान उघडलं आणि चेहरा पडद्यावर मोठा करून पाहिला.

"एवढाच चेहरा कापून मोठा केला तर फोटो फुटणार, पुसट दिसेल. म्हणाल तर कोट चढवतो. तालुक्यातली निम्मी म्हातारी मंडळी माझ्याच कोटात गेलीत."

"कोट नको."

मी दोन प्रती घेतल्या. एकीत नुसता चेहरा, दुसरीत शेळीसकट सगळं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्या म्हाताऱ्याच्या बायकोच्या हातात दिल्या. चेहऱ्याची प्रत तिने पाहिली आणि बाजूला ठेवली. दुसरी उंबऱ्याजवळच्या उजेडात नेली.

"झालं का, म्हनत्यात," ती म्हणाली. "ह्योच ठेवायचा."

दहाव्याला शेळीसकट फोटो पाटावर ठेवला गेला. जनावर दिसणं भावकीतल्या एका वडीलधाऱ्याला बरं वाटेना. शेळी झाकली जाईल अशा बेताने त्याने हार घातला. म्हाताऱ्याची बायको उठली, पाटाशी गेली आणि हार एका कडेला सरकवला.

"अगं, राहू दे की," तो म्हणाला.

"हात झाकला त्यांचा," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.